हिरवा नको, पिवळा मारा

डिजिटल चित्रकलेचा सगळ्यात मोठा तोटा असा, की चित्रकाराचे हात स्वच्छ राहतात. तैलरंगवाल्याच्या कोपराला कुठेतरी तांबडं लागलेलं असतं. जलरंगवाल्याने आयुष्यात एकदा तरी चहाच्या कपात ब्रश बुचकळलेला असतो. पलीकडे पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा माणूस जेवायला बसला तरी ओळखू येतो. आमचं तसं नाही. नवीन पनवेलच्या आमच्या बाल्कनीत बसून मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत प्रबळगडाच्या कड्याशी झटापट करतो, मान आखडते, डोळे चुरचुरतात, आणि आत आलो की आई विचारते, "झाली का झोप?"

"आई, चित्र काढत होतो."

"हात दाखव बघू."

मी दाखवतो. ती ते उलटसुलट करून बघते, नखं तपासते आणि "बरं" म्हणून पुन्हा कोथिंबीर निवडायला लागते. त्या एका "बरं"ने जहांगीर आर्ट गॅलरीचं दार माझ्यापुरतं बंद होतं.

मी माझा मीच शिकलो. सर जे. जे. कलाशाळा 1857 पासून मुंबईत आहे आणि पनवेलहून सीएसएमटीला थेट लोकल जाते, त्यामुळे गैरसोयीचं कारण सांगता येत नाही. पण आमच्या घरात चित्रकलेचं शिक्षण एलिमेंटरीच्या परीक्षेपाशी संपायचं. ती दिली, की "आता अभ्यासाला लाग". तरी आपला आपण शिकणाऱ्यांचं घराणं काही लहान नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कुठल्याही कलाशाळेत गेले नव्हते. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमाकडे वळले आणि त्यासाठी त्यांनी चक्क कॅमेराच तयार केला. 1920 साली त्यांची 'सैरंध्री' लोकांनी पाहिली. हे सगळं मी एकदा घरी छाती फुगवून सांगितलं. त्या सुमाराला माझ्या नव्या पेन टॅब्लेटचा ड्रायव्हर लॅपटॉपवर बसत नव्हता आणि मी पुण्याहून मुलगी सुट्टीवर कधी येते याची वाट बघत होतो. बायकोने पोळ्या करता करता विचारलं, "बाबूरावांची मुलगी पुण्याला होती का हो?"

एलिमेंटरीत मला सी ग्रेड मिळाली. तीही स्मरणचित्रामुळे. विषय असायचा बसथांबा, नाहीतर आठवड्याचा बाजार, म्हणजे कागदावर चार-पाच माणसं हवीतच. ज्यांना माणसाचा चेहरा आणि हात या दोन गोष्टी जमत नाहीत, त्यांच्यासाठी आमच्या चित्रकलेच्या सरांनी अनुभवातून एक पद्धत बसवली होती. माणसं पाठमोरी, हात खिशात, पाय गवतात, आणि वरून पाऊस. पाऊस आला की छत्री आली. छत्री आली की डोकं गेलं. मंडईत गुडघ्याएवढं गवत कुठून आलं, असं परीक्षकाने कधी विचारलं नाही. पनवेलला जून ते सप्टेंबर खरोखरच कुणाचं डोकं दिसत नसल्यामुळे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला वास्तववादी समजत होतो.

टॅब्लेट घ्यायला गेलो तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, प्रेशरच्या 8192 लेव्हल आहेत." म्हणजे पेन किती जोरात दाबलं हे त्या पाटीला इतक्या बारकाईने कळतं. मी त्यातल्या दोनच वापरतो. एक, पेन टेकलेलं नाही. दोन, पेनाचं टोक गेलं. सुटी टोकं पुन्हा पुन्हा मागवायला लागलो तेव्हा त्याच मुलाने आदराने विचारलं, "सर, क्लास काढलात का?"

पडद्याची टॅब्लेट मिळते, पण तिची किंमत ऐकून मी बिनपडद्याची घेतली. यात हात टेबलावर चालतो आणि रेघ समोरच्या लॅपटॉपवर उमटते. आपण आपल्या पोळपाटावर पोळी लाटावी आणि ती शेजारच्या घरी फुगावी, तसा हा प्रकार. पहिल्या आठवड्यात मी हाताकडे बघून काढायचो तेव्हा चित्र भलतीकडे जायचं. पडद्याकडे बघून काढायला लागलो तेव्हा हात टेबलावरून खाली जायला लागला. सॉफ्टवेअर मात्र 'क्रिटा' घेतलं, कारण ते फुकट आहे, आणि फुकट म्हटल्यावर आमच्या घरात कलेला कुणाचाच विरोध नसतो.

गुरू एक असता तर सगळं खापर त्याच्यावर फोडता आलं असतं. आपलं आपण शिकणाऱ्याला गुरू मोजता येत नाहीत. यूट्यूबवरचा एक दाढीवाला सांगतो, आधी सगळं चित्र करड्या रंगात करा, रंग शेवटी चढवा. दुसरा बिनदाढीचा सांगतो, करड्याला हात लावलात तर चित्र मेलं म्हणून समजा. तिसरीने आठ तासांचं काम दोन मिनिटांत पळवून दाखवलेलं असतं, आणि मी ते निम्म्या वेगाने बघतो तेव्हा ती बाई दम लागलेल्या आवाजात बोलत राहते. सगळ्यांचं ऐकून माझी चित्रं करडीच राहिली. पावसाळ्यात ते खपून जातं. ऑक्टोबरात अडचण होते.

मग ब्रश. खऱ्या दुकानात ब्रशाला पैसे पडतात म्हणून माणूस दोन-तीन घेऊन घरी येतो. इथे ढगांचे ब्रश, पानांचे ब्रश, खडकांचे, केसांचे, ओल्या भिंतीवरच्या शेवाळाचे ब्रश फुकट उतरवून घेता येतात. मी इतके घेतले की एका संध्याकाळी योग्य ब्रश शोधता शोधता जेवायची वेळ झाली. चित्र निघालं नाही, पण ब्रशांची विषयवार मांडणी मात्र देखणी झाली.

लेयर हा प्रकार त्याहून नाजूक. म्हणजे चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांवर काढायचं. आभाळ एका लेयरवर, डोंगर दुसऱ्यावर, पक्षी तिसऱ्यावर. डोंगर बिघडला तर आभाळाला धक्का लागत नाही, अशी सोय. आता कर्नाळ्याचं चित्र म्हटलं की पक्षी आलाच. 1968 पासूनचं अभयारण्य आहे, पक्षी घातला नाही तर बरं दिसत नाही. मी स्वर्गीय नर्तक काढायला घेतला. पडदा सोळाशे टक्के मोठा करून त्याच्या डोळ्यातली चमक काढली, चमकेच्या कडेला हलकी निळी झाक दिली, आणि समाधानाने चित्र मूळ आकाराला आणलं. आई मागून जात होती. "चिलट बसलंय बघ," म्हणाली आणि पदराने पडदा पुसला. चिलट गेलं नाही. शेवटी मीच वैतागून तो लेयर पुसून टाकला, तेव्हा पक्ष्याबरोबर आभाळही गेलं. केव्हातरी भलत्याच लेयरवर बसून मी ते रंगवलं होतं.

तशी डिजिटलमध्ये चुकीला माफी आहे. कंट्रोल आणि झेड दाबलं की शेवटची रेघ जाते. जलरंगात पाणी जास्त पडलं तर माणूस मुकाट्याने त्याचा ढग करतो. माझ्या चित्रात एकही चूक टिकत नसल्यामुळे ढगही होत नाहीत. कर्नाळ्याच्या सुळक्याची डावी कड मी काढतो, पुसतो, काढतो, पुसतो. मधेच वाटतं, तीन-चार रेघांमागे एक बरी आली होती. म्हणून मागे मागे जातो. ती सापडते, आनंद होतो, आणि त्या आनंदात पेन टॅब्लेटला लागतं. एक ठिपका पडतो. मागे जाऊन एक जरी नवा ठिपका पडला, की पुढचं सगळं कायमचं जातं, हा या यंत्राचा नियम आहे. आमच्या कीबोर्डवरचं झेड आता दिसत नाही. मुलगी बँकेचा पासवर्ड टाकताना अंदाजाने दाबते.

डेव्हिड हॉकनी या जगप्रसिद्ध चित्रकाराने 2009 मध्ये, म्हणजे सत्तरी उलटल्यावर, आयफोनवर अंगठ्याने चित्रं काढायला सुरुवात केली, असं वाचलं. खिडकीतली फुलं काढायची आणि सकाळी सकाळी मित्रांना पाठवायची. हे मला जमण्यासारखं होतं. आमच्याकडे खिडकीत फुलं नाहीत, पण लोकल आहे, आणि पनवेल हे सुरुवातीचं स्टेशन असल्यामुळे बसायला जागा मिळते. हार्बरच्या मधल्या स्टेशनांवर एवढ्या कलावंतांची वाढ खुंटली असेल ती केवळ उभं राहायला लागल्यामुळे. मी समोरच्या गृहस्थांचं चित्र काढायला घेतलं. टक्कल, चष्मा, मिश्या, बुशकोटाची कॉलर असं झकास जमत आलं, आणि बेलापूरला ते उतरले. त्यांच्या जागी एक कॉलेजकुमार बसला. मी नाइलाजाने पुढे चालू ठेवलं. नेरूळला तोही उतरला. वाशीला चित्र पूर्ण झालं तेव्हा त्यात वर निवृत्तीला आलेले अकाउंटंट होते, मधे फाटकी जीन्स होती आणि पायांत कोळणीच्या चपला होत्या. मित्रांना पाठवलं. एकाने विचारलं, "हे आपले देशपांडे का रे?"

हॉकनींनी निसर्गही टॅबवर रंगवलाय. म्हणून एका भाद्रपदात मी लॅपटॉप, टॅब्लेट, घडीची खुर्ची आणि काळी छत्री घेऊन नेऱ्याच्या बाजूला गेलो. प्रबळगड, शेजारी कलावंतिणीचा सुळका, पायथ्याशी पोपटी भात. पाऊस उघडलेला. उन्हात पडद्यावर मला फक्त माझं तोंड दिसत होतं म्हणून छत्री लॅपटॉपवर धरली, स्वतः भिजण्याऐवजी तापत बसलो. अर्ध्या तासात चार माणसं मागे उभी.

"साहेब, सर्व्हे काय?"

"नाही हो. चित्र काढतोय."

"चित्र हाय ते दिसतंय. पण कोणच्या ऑफिसातून?"

यात त्यांचा दोष नाही. नवी मुंबई विमानतळाच्या आसपासच्या गावांसाठी 2013 मध्ये 'नैना' नावाचं नियोजन क्षेत्र आलं. तेव्हापासून लॅपटॉप घेऊन शेताच्या बांधावर उभा राहणारा माणूस कशासाठी येतो, हे इथल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. डीपी, टीपी, एनए ही अक्षरं इथे बाराखडीच्या आधी शिकतात. त्यातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"ही आमची जागा ना? हिला हिरवा कशाला मारलाय?"

"भात आहे ना, म्हणून."

"भात आता हाय. उद्या नसंल. हिरव्यात एनए होत नाय, साहेब. पिवळा मारा."

विकासाच्या नकाशात पिवळा म्हणजे रहिवासी, हे मला तोवर माहीत नव्हतं. कलेतलं रंगांचं मानसशास्त्र मी वाचलं होतं, पण पिवळ्याचा भाव गुंठ्यावर असतो असं त्यात कुठे दिलेलं नव्हतं. मी समजावून सांगितलं की हे नुसतं चित्र आहे. "तेच ना," ते म्हणाले, "नुसतं चित्र हाय तर मारा की पिवळा, तुमचं काय जातंय?" या युक्तिवादावर मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात त्यांच्या घरून चहा आला. चहाबरोबर सातबारा आला.

क्रिटामध्ये रंगाची बादली असते. ज्या जागेला सगळीकडून रेघ आहे तिच्यात टिचकी मारली, की ती जागा भरते. रेघ कुठे तुटकी असेल तर रंग तिथून बाहेर पडतो. मी टिचकी मारली. माझी बांधाची रेघ एका कोपऱ्यात तुटकी होती. पिवळा बांध फोडून शेजारच्या खाचरात शिरला.

शेजारचं खाचर त्यांच्या सख्ख्या भावाचं होतं आणि सख्खा भाऊ त्या चारांत उभा होता.

"बघितलं? बघितलं? चित्रात पन आमच्या बांधात घुसतोय!"

"मी घुसलो? साहेबांनी मारला."

"तुज्या घरचा च्या पिऊन मारला!"

मी कंट्रोल-झेड दाबणार, तर धाकट्याने माझा हात धरला. "आता हाय तसा ऱ्हाऊ द्या. आमची पन पिवळी झाली ना? मग ऱ्हाऊ द्या. फक्त मधी बांध दाखवा, काळा, जाड." मग मागे उभ्या असलेल्या तिसऱ्यानेही आपली जागा कुठे येते ते दाखवलं. चौथ्याची जागा चित्रात येतच नव्हती, म्हणून त्याने मला खुर्ची चार हात डावीकडे घ्यायला लावली. निघेपर्यंत प्रबळगडाच्या पायथ्यापर्यंत सगळा मुलूख रहिवासी झाला होता. घरी चित्र बघून बायको म्हणाली, "यंदा कापणी लवकर झाली वाटतं."

कर्नाळ्याच्या चित्राला मुलीने हात घातला नसता तर ते बरं झालं असतं, असं माझं अजूनही मत आहे. चित्रात खाली दोन-तृतीयांश रिकामी वाट आणि वर दाटलेलं आभाळ होतं. (आभाळ मी पुन्हा रंगवलं होतं, आभाळाच्याच लेयरवर.) ती म्हणाली, "बाबा, माणूस घाल ना. प्रमाण कळत नाही सुळक्याचं." मी पाठमोरा, खिशात हात घातलेला, गवतात उभा असलेला माणूस घातला. "आणि छत्री नको हं," ती म्हणाली. "हात वर करून सुळका दाखवतोय असं काढ." शाळेपासून चुकवत आणलेला हात असा पन्नाशीत पुढे आला. प्रत्येक बोट वेगळ्या लेयरवर काढलं. जे चांगलं जमलं ते ठेवलं, जे बिघडलं ते लपवलं. लपवलेल्यांतलं एक नीट लपलं नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चित्र टाकलं. पहिला निरोप तळमजल्यावरच्या काकांचा आला, "एआयने काढलंय. बोटं मोजा." मग सगळ्या विंगांनी बोटं मोजली. सहा भरली. मी कळवळून लिहिलं की मी स्वतः काढलंय, सहावं बोट माझं आहे. त्यावर एका ताईंनी लिहिलं, "एआय पण असंच म्हणतं." पूर्वी चांगलं चित्र काढलं तर लोक विचारायचे, कुठून उतरवलंस? आता वाईट काढलं तरी विश्वास बसत नाही. नंतर सभ्य माणसांनी अंगठे पाठवायला सुरुवात केली. एकामागून एक पिवळे अंगठे. कर्नाळ्याचा सुळका हा मुळात उभा केलेला अंगठाच असल्यामुळे, हे कौतुक आहे की सुळका खरा कसा दिसतो ते मला दाखवताहेत, याचा मला उलगडा झाला नाही. रेषा त्यांची जास्त साफ होती.

आई म्हणाली, "भिंतीवर लाव म्हणजे चित्र झालं असं समजेन." म्हणून जुन्या पनवेलात एका फ्लेक्सच्या दुकानात गेलो.

"काका, साइज?"

"बारा बाय अठरा इंच."

"इंचात नाय करत. फुटात बोला."

फुटात बोललो. मुलाने फाइल उघडली आणि जीभ चावली. "काका, फाटतेय."

मी पेनड्राइव्ह काढून निरखून बघितला.

"तो नाय हो. इमेज फाटतेय, मोठी केली की. ओपन फाइल नाय का? कोरलमध्ये आणा, कर्व्ह करून."

"कुठे फाटतेय?"

"आभाळात."

छापून आलं तेव्हा पावसाळी हिरवा गेला होता आणि त्या जागी सरकारी कपाटाचा रंग आला होता. याचं शास्त्र आहे. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. प्रकाशातला तजेला शाईत मावत नाही. मुलाने हे सगळं "सीएमवायके, काका" एवढ्यात आटपून बिल पुढे केलं.

महिन्याभराने उरण नाक्याकडे रिक्षा सिग्नलला थांबली आणि बायको म्हणाली, "अहो, हे तुमचं ना?" दहा बाय वीस फूट. मधोमध एका भावी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो, खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांच्या तीन रांगा, आणि या सगळ्यांच्या मागे माझा कर्नाळा. माझी फाइल दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहिली होती, तेवढ्यात वाढदिवस आला असावा. माझा माणूस अजून हात वर करून उभा होता आणि सहा बोटांनी भावी नगरसेवकांकडे निर्देश करत होता. सिग्नलला थांबलेले लोक वर बघत होते. इतकी माणसं माझ्या चित्रासमोर कधी थांबली नव्हती. सिग्नल सुटल्यावर निघून गेली, पण तेवढं सगळ्याच प्रदर्शनांत होतं.

फ्लेक्स आठवड्यात उतरला. पावसाळा असल्यामुळे तो वाया जाणार नव्हताच. श्रावणातल्या एका संध्याकाळी बाजारात मेथी घ्यायला वाकलो आणि सहज वर बघितलं, तर भाजीवाल्या मावशींनी चार बांबूंवर माझं चित्र ताणून बांधलेलं. नगरसेवक उलटे, सुळका आडवा, आणि आभाळ बरोबर डोक्यावर.

"मावशी, हे वरचं माझं आहे."

त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. "हे तुमी? लई बारीक झालात."

"फोटो नाही हो. मागचं आभाळ मी काढलंय."

"तुमी काढलंय होय? मंग बरं झालं भेटलात. कालधरनं तिथनं गळतंय. सगळा पालक भिजला माजा."

मी टाचा उंचावून बघितलं. दुकानातल्या मुलाने दाखवली होती, साधारण त्याच जागी बोटभर चीर होती.

"मूळ फाइल आहे माझ्याकडे," मी म्हटलं, "नवीन काढून देतो."

"फाइल नको," मावशी मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकत म्हणाल्या, "चिकटपट्टी आणा."